'एसी करंट' म्हणावे का?

विज्ञान प्रदर्शनातील तक्ते, प्रयोगवह्या, इंग्रजीतून लिहिलेले प्रकल्प-अहवाल या सर्वांत 'एसी करंट' हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. एसी हे 'ऑल्टरनेटिंग करंट' या शब्दांचे संक्षिप्त रूप. म्हणजे 'एसी करंट'चा शब्दशः अर्थ होतो 'प्रत्यावर्ती धारा धारा'. आपल्याकडे 'पिवळे पीतांबर' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

मग 'एसी व्होल्टेज'चे काय? शब्दशः पाहिले तर तेही विचित्रच आहे. पण तांत्रिक लेखनात ते सर्वमान्य आहे, कारण एसी ही अक्षरे आता विशेषणासारखी वापरली जातात. एसी मोटर, एसी सप्लाय, एसी सर्किट यांत एसीचा अर्थ 'प्रत्यावर्ती प्रकारचा' एवढाच उरतो. याच न्यायाने काही जण 'एसी करंट'ही चालवून घेतात. आपण मात्र साधा नियम पाळावा : धारेविषयीच लिहायचे असेल तर 'ऑल्टरनेटिंग करंट' असे पूर्ण लिहावे, एसी हे दुसऱ्या नामाच्या आधी वापरावे.

इंग्रजी उपपदाकडेही लक्ष हवे. विजेचा प्रकार सांगताना उपपद लागत नाही : 'ट्रान्सफॉर्मर्स वर्क ऑन ऑल्टरनेटिंग करंट'. विशिष्ट धारा सांगताना ते लागते : 'ॲन ऑल्टरनेटिंग करंट ऑफ २ ॲम्पिअर्स'. तसेच धारा दिव्यातून वाहते, म्हणून 'करंट थ्रू द लॅम्प'. विभवांतर दिव्याच्या दोन टोकांमध्ये असते, म्हणून 'व्होल्टेज अक्रॉस द लॅम्प'. 'व्होल्टेज थ्रू' लिहिणारा विद्यार्थी केवळ शब्दयोगी अव्यय चुकत नाही. विभवांतर म्हणजे काय, हेच त्याला उमगलेले नसते.

वारंवारतेबाबत '५० सायकल्स' असे लिहिणे अपुरे आहे. किती वेळात ५० आवर्तने, हे त्यात येत नाही. १९६० मध्ये एसआय पद्धतीत स्वीकारलेले हर्ट्झ हे एकक 'दर सेकंदाला' हा अर्थ सोबत घेऊनच येते. आपल्या घरातील पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. एका आवर्तनात धारेची दिशा दोनदा बदलते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आकड्याचा. प्रत्यावर्ती विभवांतर क्षणोक्षणी बदलते, तर '२३० व्होल्ट' म्हणजे कोणत्या क्षणीचे? कोणत्याच विशिष्ट क्षणीचे नव्हे. ते आरएमएस मूल्य आहे, म्हणजे क्षणोक्षणीच्या मूल्यांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून घेतलेले वर्गमूळ. रोधात तेवढीच उष्णता निर्माण करणारे दिष्ट विभवांतर २३० व्होल्टचे असते. ज्या-वक्रीय तरंगात शिखरमूल्य याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते.

हा शब्दच्छल नव्हे. २३० व्होल्टचा पुरवठा डायोडच्या साहाय्याने एकदिश करून कपॅसिटरला दिला, तर कपॅसिटर जवळजवळ शिखरमूल्यापर्यंत प्रभारित होतो. अहवालात नुसते '२३० व्होल्ट' वाचून कोणी २५० व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर बसवला, तर तो फुटू शकतो. घरगुती पुरवठ्यावर असा प्रयोग वर्गात करू नये; आकडेमोड फळ्यावर करून दाखवावी.

म्हणून मूल्याचा प्रकार राशीच्या नावाला जोडावा, एककाला नव्हे. एसआयचा संकेतही हाच आहे. 'द आरएमएस व्होल्टेज इज २३० व्होल्ट्स' हे वाक्य निर्दोष आहे. व्होल्टच्या चिन्हाला आरएमएस किंवा एसी अशी शेपटी लावणे टाळावे. उपकरणावरच्या पट्टीवर व्होल्टपुढे नागमोडी खूण असते, ती पट्टीपुरती ठीक आहे. तरंग ज्या-वक्रीय असेल तर 'सायन्युसॉइडल' हा शब्द वेगळा लिहावा. काही साध्या इन्व्हर्टरमधून मिळणारा चौकोनी तरंगही प्रत्यावर्तीच असतो, पण त्याला १.४१४चा नियम लागू पडत नाही.

अहवाल तपासताना अशा प्रत्येक आकड्यापाशी 'कोणते मूल्य?' असा प्रश्न समासात लिहावा. उत्तर शोधताना विद्यार्थ्याची भाषा सुधारेल आणि भौतिकीही पक्की होईल.