पेनड्राइव्ह तुमचा, फाइल कुणाची?

जळकोटच्या थांब्यावर सोलापूरची एसटी पकडताना खिशातला पेनड्राइव्ह तुम्ही दोनदा चाचपून बघता. प्रोजेक्ट त्यातच आहे ना! घरी लिनक्स, कॉलेजच्या लॅबमध्येही लिनक्स, मग अडचण कसली? पण लॅबमध्ये फाइल उघडते आणि सेव्ह करायला गेलं की उत्तर येतं, परवानगी नाही. आता बोला!

यात व्हायरस वगैरे काही नाही. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना तुम्ही ईएक्सटी४ निवडलं, कारण ते लिनक्सचं. पण ही फाइलसिस्टीम प्रत्येक फाइलचा मालक लिहून ठेवते, तोही नावाने नाही, आकड्याने. उबुंटूवर पहिल्या युजरचा आकडा १०००, दुसऱ्याचा १००१. घरचा कॉम्प्युटर ताईने सेट केला असेल तर ती १००० आणि तुम्ही १००१. लॅबमधलं खातं १०००चं असेल, तर त्याच्या लेखी तुमची फाइल परक्याची. टर्मिनलमध्ये 'आयडी' कमांड देऊन दोन्हीकडचा आकडा बघा, लगेच उलगडा होईल.

मग एफएटी३२? तिथे मालकीची भानगडच नाही, अगदी जुन्या टीव्हीलाही चालतं. पण ४ जीबीची फाइल आली की हात वर. उबुंटू २४.०४ची आयएसओच त्याहून मोठी आहे.

म्हणून फिरत्या पेनड्राइव्हला माझं मत एक्सफॅटला. मायक्रोसॉफ्टने ते २००६मध्ये आणलं, पण त्याचे तपशील खुले केले २०१९मध्ये. त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ कर्नलमध्ये ते आलं. लॅबमधलं लिनक्स त्याआधीचं असेल तर सरांना आधी विचारा, वेगळं पॅकेज टाकावं लागेल. 'डिस्क्स' अॅपमध्ये हा पर्याय 'अदर'खाली लपलेला असतो. आणि हो, फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा!

एक्सफॅटवर फाइलच्या परवानग्या आणि सिमलिंक टिकत नाहीत. कोडचं फोल्डर न्यायचं तर 'टार' करून न्या.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. ईएक्सटी४कडे जर्नल असतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची वही. एक्सफॅटकडे ती नाही. स्क्रीनवर कॉपी पूर्ण दिसली तरी डेटा काही वेळ रॅममध्येच असू शकतो. एसटीचा हॉर्न ऐकून पेनड्राइव्ह ओढला, तर सोलापुरात रिकामी फाइल उघडेल. 'इजेक्ट' दाबा, मेसेज येऊ द्या, मग धावा.

घरच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह मात्र ईएक्सटी४च राहू द्या. तो कुठे जात नाही.