वापरलेल्या पाण्याचा पुनर्जन्म
नामिबिया हा आफ्रिकेतील अत्यंत रुक्ष देश. बारमाही नद्या काय त्या त्याच्या सीमांवरून वाहतात. राजधानी विंडहुक त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर दूर! तेव्हा या नगराने १९६८ साली घराघरांतील सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी पुरविण्याचे धाडस केले. कारखान्यांचे पाणी मात्र त्यात मिसळू देत नाहीत. प्रथम सूक्ष्म जीवाणू घाण खाऊन टाकतात. मग वाळूचे थर गाळ अडवितात, ओझोन वायू रोगजंतूंचा संहार करतो आणि उरलीसुरली अदृश्य द्रव्ये कोळशाचे दाणे शोषून घेतात. ऐकून किळस वाटली ना? पण मेघांतून येणारे पाणी तरी कोठे नवे असते? २००२ साली तेथे अधिक मोठे केंद्र उभारले गेले. त्यातील पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून पुन्हा त्याच घरांच्या नळांना येते.