खवल्यातला पीळ आणि प्रकाशाचा रंग

मालवणच्या बाजारात तांबोशी साफ करून घेतली, की मासा पिशवीत जातो आणि खवले टाकून दिले जातात. त्या खवल्यांतल्या कोलॅजेन या प्रथिनात एक विलक्षण गुण आहे. डोळ्यांना न दिसणारा ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा तीव्र लेझर त्यावर सोडला, तर त्यातला अगदी थोडा भाग ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश होऊन बाहेर पडतो. दोन प्रकाशकणांची ऊर्जा मिळून एकच कण तयार होतो.

साध्या उजेडात असे घडत नाही. प्रकाश दुप्पट केला की पदार्थाचा प्रतिसादही दुप्पट, एवढाच हिशेब असतो. लेझरच्या जोरापुढे हे सरळ प्रमाण मोडते. म्हणून याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला अरेषीय प्रकाशिकी म्हणतात. १९६१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेझरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला आणि त्यातून अतिनील प्रकाश मिळवला.

पण रचना केंद्राभोवती समतोल असेल, तर दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा, प्रतिसाद आतल्या आतच रद्द होतो. पिळाच्या रेणूत तो समतोल नसतो. शंखाची आरशातली प्रतिमा जशी मूळ शंखावर तंतोतंत बसत नाही, तसेच पिळाचेही उजवे-डावे असते. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात आणि असे रेणू तंतूंमध्ये शिस्तीने रचलेले असतात. हा तिहेरी पीळ १९५४-५५ मध्ये उलगडला तो मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी.

रसायनशास्त्रज्ञ असे पीळ प्रयोगशाळेतही घडवतात. बेंझीनची कडी एकापुढे एक वाकवून जोडत गेले, की टोके एकमेकांवर येतात आणि रेणूला जिन्यासारखे वळावेच लागते. हेच हेलिसीन. बेल्जियममधील लूव्हेन आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये एका हेलिसीनचे अतिपातळ थर तपासले. उजवे-डावे रेणू मिसळलेल्या थरापेक्षा एकाच पिळाच्या थरातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश सुमारे हजारपट अधिक मिळाला. रासायनिक सूत्र दोन्हींकडे एकच होते.

कोलॅजेनच्या या गुणावर चालणारे सूक्ष्मदर्शक आज कोणताही रंग न घालता यकृतातले व्रणतंतू किंवा डोळ्याच्या पारपटलातली तंतूंची मांडणी दाखवतात. कालवणात खवले-कातडे उकळले, की मात्र पीळ सुटतो, कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि तो जांभळा प्रकाशही नाहीसा होतो. माशाच्या डोक्याचे कालवण गार झाल्यावर थिजते, ते याच जिलेटिनमुळे.

रेणूचा गुण त्याच्या घटकांइतकाच त्याच्या आकारात आणि मांडणीत असतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत मात्र सूत्रे पाठ होतात आणि आकार राहून जातो. सिंधुदुर्गातल्या विज्ञान शिक्षकांनी एक स्वच्छ धुतलेला खवला दोन ध्रुवक काचांमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली तंतूंची मांडणी मुलांना जरूर दाखवावी. त्यासाठी लेझर लागत नाही आणि खवले तर बाजारात फुकट मिळतात.