हवेवर थंड होणारी जुनी इंजिने आणि ऑईल

जुन्या बुलेटच्या बिडाच्या इंजिनात रेडिएटर नसतो. हेडची आणि सिलिंडरची उष्णता त्यांच्या पंखांवरून (फिन्सवरून) वाहणारा वारा नेतो. उरलेली ऑईलला वाहावी लागते. मोकळ्या रस्त्यावर हे जमते. गाडी घाटात पहिल्या गिअरमध्ये चढू लागली किंवा सिग्नलपाशी अडकली, की वारा कमी पडतो आणि ऑईल तापत जाते.

१०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान ऑईलला मानवते, किंबहुना हवेच असते, कारण त्यात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल तेव्हाच उडून जाते. रोज दोन किलोमीटर धावणारी गाडी म्हणूनच ऑईल लवकर खराब करते. पण पारा १३०च्या पुढे राहिला, तर खनिज ऑईल ऑक्सिडाइझ होऊन झपाट्याने खराब होऊ लागते. दर १० अंशांना हा वेग साधारण दुप्पट होतो.

अशा इंजिनांना २०डब्ल्यू-५० दाटपणाचे ऑईल दिले जाते ते याचसाठी: तापल्यावरही ते फार पातळ होत नाही. नव्या गाड्यांचे पातळ ऑईल मायलेजच्या मोहाने यात ओतणे शहाणपणाचे नाही.

या जुन्या बुलेटमध्ये क्लचचे ऑईल वेगळे असते. हिरो होंडा सीडी १००मध्ये मात्र क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. तिथे कारचे ऑईल टाकल्यास प्लेटा घसरू शकतात. डब्यावर अशा क्लचसाठी असलेली जासो एमए ही खूण पाहावी आणि दाटपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा.