मंडळाची नोंदणी आणि पोथ्यांची मालकी

मंडळास एखादी पोथी अर्पण केली म्हणजे ती नेमकी कोणाची होते, हा प्रश्न संग्राहकांस देतेवेळीं सहसा सुचत नाहीं. गांवोगांवच्या वाङ्मयीन व सामाजिक मंडळांचा संग्रह पुष्कळदां चिटणिसांच्या घरच्या कपाटांतच असतो. असें मंडळ नोंदलेलें नसेल तर कायद्याच्या दृष्टीनें त्या नांवाचा धनी कोणीच नाहीं; आहेत ते केवळ एकत्र जमलेले गृहस्थ. चिटणीस निवर्तले व वारसांनीं कपाटास कुलूप घातलें, तर पोथ्या परत मागावयाच्या कोणीं? एक तर सर्व सभासदांनीं वादी व्हावें, नाहीं तर कांहींनीं न्यायालयाची अनुज्ञा काढून इतरांच्या वतीनें उभें राहावें, आणि पोथी वडिलोपार्जित नसून मंडळाची आहे हें शाबीत करावें. जवळ दानपत्र असेल तर ठीक. केवळ रुमालावरील शिक्क्यावर भिस्त ठेवणारांची आम्हांस कींव येते.

गणाचें द्रव्य निराळें व गणांतील व्यक्तींचें निराळें, हा विचार आपणांस नवा नाहीं. गणद्रव्य हरण करणाराचें सर्वस्व घेऊन त्यास राष्ट्रांतून घालवून द्यावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. (आजची शिक्षा इतकी कडक नाहीं, हें कांहीं सद्गृहस्थांचें भाग्यच म्हणावयाचें.)

हल्लींचा मार्ग १८६० च्या एकविसाव्या कायद्याचा, म्हणजे सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टाचा. वाङ्मय, शास्त्र व ललितकला यांच्या अभिवृद्धीसाठीं, तसेंच ग्रंथालयें व सार्वजनिक वस्तुसंग्रहालयें चालविण्यासाठीं स्थापिलेल्या मंडळांस तो लागू आहे. निदान सात जणांनीं संस्थापनपत्रावर सह्या करावयाच्या. त्यांत मंडळाचें नांव, उद्देश आणि कार्यकारी मंडळींचीं नांवें, पत्ते व व्यवसाय नमूद करावयाचे. कार्यकारी मंडळींपैकीं तिघांनीं प्रमाणित केलेली नियमांची प्रत जोडावयाची. एवढें झालें म्हणजे, निराळे विश्वस्त नेमले नसल्यास, मालमत्ता त्या त्या वेळच्या कार्यकारी मंडळींकडे राहते आणि अध्यक्ष किंवा मुख्य चिटणीस यांच्या नांवें मंडळास दावा लावितां येतो. तो अधिकारी निवर्तला म्हणून दावा बुडत नाहीं. तरी नोंदणीनें मंडळ पूर्ण अर्थानें स्वतंत्र कायदेशीर व्यक्ति बनतें असें मात्र नव्हे. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं हें स्पष्ट केलें आहे.

आमच्या मतें या कायद्याचें खरें मोल चौदाव्या कलमांत आहे. मंडळ मोडलें तर कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांस वांटून घेतां येत नाहीं. ती दुसऱ्या एखाद्या मंडळासच द्यावी लागते. तें कोणतें, हें उपस्थित सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनीं, आणि तसें न जमल्यास न्यायालयानें ठरवावयाचें. संग्रह मालकाच्या मागें टिकावयाचा तर त्यास असा पुढचा धनी लागतोच. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. त्यांचें दप्तर राखण्यास तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. ज्यांच्यामागें असें कोणी उभें राहिलें नाहीं, त्यांचीं दप्तरें रद्दीच्या दुकानांत शोधावीं.

महाराष्ट्रांत अशा मंडळास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालींहि नोंदणी करावी लागते, व त्या अर्जांत स्थावर-जंगम मालमत्तेची यादी द्यावयाची असते. येथेंच मंडळी आळस करितात. 'जुनीं पुस्तकें, कपाट एक' ही नोंद पुढें वाद निघाल्यास कवडीच्या उपयोगाची नाहीं. प्रत्येक पोथीचें नांव, ग्रंथकर्ता, लेखनिक, पत्रसंख्या, लेखनशक, आदि, अंत व दाता, इतकें लिहिलें म्हणजे तीच पोथी ओळखतां येते.

शिवाय विक्रीपूर्वीं धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, ती छत्तिसाव्या कलमान्वयें स्थावराच्या. मंडळाची इमारत त्यामुळें सुरक्षित राहील. आंतील ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीस त्या कलमाचा आधार नाहीं. यास्तव हस्तलिखितें विकूं नयेत, गहाण टाकूं नयेत, मूळ प्रत वास्तूबाहेर जाऊं देऊं नये, असा स्पष्ट नियम नोंदणीच्या वेळींच घालून घ्यावा. आणि यादींत दान व ठेव यांचे रकाने निराळे ठेवावे, म्हणजे संपादनापुरती आलेली पोथी मंडळाची समजली जाणार नाहीं, व दिलेली पोथी दात्याच्या नातवास परत मागतां येणार नाहीं.