वाट चुकलेल्या दोन गोळ्या

3 मार्च 2016 रोजी अमेरिकेत ‘द हंड्रेड’ मालिकेचा एक भाग दाखवला गेला. अणुयुद्धात होरपळलेल्या पृथ्वीवर पुन्हा पाय रोवू पाहणाऱ्या माणसांची ही गोष्ट. लेक्सा ही बारा कुळांची सेनानी आणि क्लार्क ही अंतराळस्थानकातून पृथ्वीवर धाडलेल्या तरुण कैद्यांची म्होरकी. संशय, दगा, तह असं सगळं पार करून दोघी अखेर एकमेकींच्या मिठीत येतात. त्यानंतर काही क्षणांतच लेक्साच्या पोटात गोळी घुसते. गोळी झाडणारा तिचाच सल्लागार असतो, आणि त्याने नेम धरलेला असतो क्लार्कवर.

त्याआधी चौदा वर्षं, 7 मे 2002 रोजी, ‘बफी द व्हँपायर स्लेयर’मध्येही जवळजवळ हेच घडलं होतं. विलो आणि टारा यांच्यातला दुरावा मिटतो, दोघी पुन्हा एकत्र येतात, आणि बाहेरून आलेली गोळी टाराचा जीव घेते. तीही तिच्यासाठी नव्हतीच. झाडली होती मालिकेच्या नायिकेवर.

लेक्साच्या मृत्यूनंतर जो क्षोभ उसळला, त्याकडे ‘एक पात्र मेलं म्हणून पोरींनी केलेला आरडाओरडा’ अशा नजरेने पाहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना तो कळला नाही, याचं एक कारण म्हणजे शिपिंगची दुनियाच त्यांना ठाऊक नाही.

मालिकेतल्या अमुक आणि तमुकचं जमावं असं मनापासून वाटणं, आणि त्या ओढीने कथा लिहिणं, चित्रं काढणं, दृश्यं जोडून व्हिडिओ बनवणं, वेळ पडली तर भांडणं, याला चाहत्यांच्या जगात शिपिंग म्हणतात. ‘रिलेशनशिप’चं हे शेपूट 1990च्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’च्या चाहत्यांनी रूढ केलं; त्या मालिकेतल्या मल्डर आणि स्कली यांनी प्रेमात पडावं की नाही, यावर त्यांच्यात दोन तट होते. आपल्याकडे ‘इस प्यार को क्या नाम दूँ’मधल्या अर्णव आणि खुशीला प्रेक्षकांनी ‘अर्शी’ केलं, तसं तिकडे क्लार्क आणि लेक्साचं ‘क्लेक्सा’ झालं.

पण अर्णव-खुशीचं लग्न लावून देणं हे मालिकेचंच काम होतं. चाहत्यांनी फक्त घाई केली. दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची जोडी मनात धरणाऱ्यांना अशी कुठलीच खात्री नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका 1969 मध्ये संपली. 1974 मध्ये ‘ग्रप’ नावाच्या चाहत्यांच्या छोट्या नियतकालिकात डायान मर्चंट यांची एक लहानशी कथा आली. तिच्यातल्या दोन पात्रांची नावं कुठेच दिलेली नव्हती, तरी वाचणाऱ्यांनी कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांना बरोबर ओळखलं. पुढे अशा कथांचा ओघच सुरू झाला. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. स्वतःच छापायच्या, टपालाने एकमेकींना पाठवायच्या. कर्क आणि स्पॉक या नावांच्या मधल्या तिरक्या रेघेवरून या साहित्याला ‘स्लॅश’ हे नाव पडलं. हीच परंपरा पुढे इंटरनेटवर आली. स्वयंसेवकांनी चालवलेलं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार 2009 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्या लिखाणाला कुणी लिखाण मानत नव्हतं, त्याची ही पावती होती.

गोळ्यांचा इतिहास मात्र आणखी जुना आहे. हॉलिवूडने 1934 पासून कडकपणे राबवलेल्या हेज संहितेत समलैंगिकतेचं चित्रण निषिद्ध होतं, आणि पापाला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता. बंधनं सैलावू लागली तेव्हा समलैंगिक पात्रं दिसू लागली, पण जगण्यासाठी नव्हे. 1961च्या ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये शर्ली मॅक्लेनने साकारलेली शिक्षिका मैत्रिणीवरचं प्रेम कबूल करते आणि गळफास घेते. व्हिटो रुसो यांनी ‘द सेल्युलॉइड क्लोझेट’ या 1981च्या पुस्तकात अशा पात्रांची मृत्युनोंदच दिली आहे: कोण कोणत्या चित्रपटात कसं मेलं. त्याच वर्षी मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. एका स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा त्या काळच्या मंचावर उभी करण्याचं धाडस तेंडुलकरांनी केलं, रोहिणी हट्टंगडींनी ती साकारली. मित्राचाही शेवट आत्महत्येतच आहे.

म्हणजे लेक्साचे चाहते एका मृत्यूवर चिडले नव्हते. या साऱ्या परंपरेला त्यांनी ओळखलं होतं. इंग्रजीत तिला ‘बरी युअर गेज’ म्हणतात: समलैंगिक पात्रं आणा आणि पुरून टाका. शिवाय इथे विश्वासघाताचीही भर होती. मालिकेच्या प्रसिद्धीत क्लेक्साचा भरपूर वापर झाला होता. शेवटच्या भागाचं चित्रीकरण व्हँकूव्हरमध्ये उघड्यावर झालं, तेव्हा ते पाहायला चाहत्यांना बोलावण्यात आलं आणि तिथे लेक्साची भूमिका करणारी अलिशिया डेबनम-कॅरी दिसली. साहजिकच सगळ्यांचा समज झाला की लेक्सा शेवटपर्यंत जगणार. डेबनम-कॅरी दुसऱ्या एका वाहिनीच्या मालिकेत अडकलेली होती आणि तिला निरोप देणं भाग होतं, हे निर्मात्यांचं कारण खोटं नाही. पण पात्राला निरोप देण्याचे शंभर मार्ग असतात. मालिकेचे प्रमुख जेसन रोथेनबर्ग यांनी त्याच महिन्यात जाहीर माफीचं पत्र लिहिलं.

चाहत्यांनी पुढे काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. आत्महत्येच्या विचारात असलेल्या एलजीबीटीक्यू मुलांसाठी काम करणाऱ्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ला त्यांनी वर्गणीतून एक लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळवून दिली. ‘सेव्हिंग होप’ या कॅनडातल्या मालिकेच्या लेखिकांनी चाहत्यांशी बोलून ‘लेक्सा प्लेज’ हा प्रतिज्ञालेख तयार केला. एखाद्या क्विअर पात्राचा जीव केवळ दुसऱ्या पात्राची कथा पुढे ढकलण्यासाठी घेणार नाही, असं त्यात वचन होतं. पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये क्विअर स्त्री-पात्रांना वाहिलेलं ‘क्लेक्साकॉन’ हे संमेलन भरलं.

दरम्यान मृत्यू थांबले नव्हते. लेक्सानंतर तीन आठवड्यांच्या आत ‘द वॉकिंग डेड’मधली डॉक्टर डेनिस डोळ्यात बाण लागून मेली. मूळ चित्रकथेत हा मृत्यू एका वेगळ्याच पुरुष-पात्राचा होता. माध्यमांतल्या चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ग्लाड’ संस्थेच्या 2016-17च्या अहवालानुसार, 2016च्या सुरुवातीपासून 25हून अधिक क्विअर स्त्री-पात्रं मारली गेली होती. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: अमेरिकेच्या प्रमुख वाहिन्यांवरच्या 895 नियमित पात्रांपैकी एलजीबीटीक्यू पात्रं होती 43. वादाचं मूळ या आकड्यात आहे. मालिकेत माणसं मरतात, मरावीतही. मृत्यूशिवाय युद्धाची गोष्ट कशी सांगणार? पण आठशे जणांतला एक गेला तर उरलेले असतात. त्रेचाळिसांतली एक गेली, तर तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या मुलीने वळायचं कुणाकडे?

काही मालिका तर देतही नाहीत आणि आशाही सोडू देत नाहीत. दोन पात्रांत काहीतरी आहे असं सुचवत राहायचं, प्रेक्षक धरून ठेवायचे, आणि कबुली कधीच द्यायची नाही, याला क्विअरबेटिंग म्हणतात. ‘सुपरनॅचरल’मध्ये डीन आणि कॅस्टिएल यांच्या नात्याची वाट पाहण्यात चाहत्यांची अकरा-बारा वर्षं गेली. 5 नोव्हेंबर 2020 रोजी कॅस्टिएलने अखेर प्रेम बोलून दाखवलं, आणि लगेच अंधाराने त्याला गिळून टाकलं.

चाहत्यांची बाजू घेताना त्यांच्या चुका झाकायचं कारण नाही. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये होम्स आणि वॉटसन यांचं प्रेम पूर्वनियोजित आहे, अशी एका गटाची श्रद्धा होती. जानेवारी 2017 मध्ये चौथा हंगाम संपला आणि तसं काही झालं नाही, तेव्हा एक गुप्त भाग अजून यायचा आहे असं काहींनी मानलं. तो आला नाही. इथे निदान कुणाला इजा झाली नाही. किट कॉनरची गोष्ट वेगळी. ‘हार्टस्टॉपर’मध्ये उभयलैंगिक मुलाची भूमिका करणारा हा नट खरोखर तसा आहे की नुसतं भांडवल करतो आहे, असा जाब त्याला ट्विटरवर विचारला गेला. 31 ऑक्टोबर 2022 रोजी त्याने आपण उभयलैंगिक असल्याचं लिहिलं आणि एका 18 वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडल्याबद्दल लोकांना सुनावलं. क्विअरबेटिंग हा आरोप लेखक, निर्माते आणि वाहिन्या यांच्यावर करायचा असतो. हाडामांसाच्या पोरावर तो करणं म्हणजे ज्या जाचाविरुद्ध ही सगळी लढाई, तोच जाच.

आकडे सुधारले, हेही सांगायला हवं. ‘ग्लाड’च्या 2021-22च्या अहवालात प्रमुख वाहिन्यांवरचं एलजीबीटीक्यू पात्रांचं प्रमाण 11.9 टक्क्यांवर पोचलं होतं. ‘वायनोना अर्प’मध्ये 2016 साली पोलीस अधिकारी निकोलला गोळी लागते, पण तिने चिलखत घातलेलं असतं; 2021 मध्ये शेवटच्या भागात तिचं तिच्या प्रेयसीशी, वेव्हर्लीशी, लग्न झालं. ही मालिका पैशाअभावी अडली, तेव्हा तिच्यासाठी चाहत्यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जाहिरातफलक लावले होते.

आता भांडण दुसरीकडे सरकलं आहे. पात्रं मरत नाहीत, मालिकाच बंद होते. नेटफ्लिक्सवरच्या ‘फर्स्ट किल’ला 2022 मध्ये एकच हंगाम मिळाला. ‘वॉरियर नन’मधल्या दोन नायिकांचं प्रेम त्याच वर्षी नोव्हेंबरात पडद्यावर उमललं आणि डिसेंबरात मालिका बंद झाल्याची घोषणा आली. 2022-23च्या अहवालात ‘ग्लाड’ने मोजलेल्या 596 एलजीबीटीक्यू पात्रांपैकी 175 पुन्हा दिसणार नव्हती, मालिका संपल्या म्हणून किंवा पात्रंच गेली म्हणून. चाहते आता हाही हिशोब ठेवतात. नवी मालिका सुरू करावी की ती बंद होते का याची आधी वाट पाहावी, हा प्रश्न त्यांच्यात चर्चेला असतो. आणि वाट पाहिली तर प्रेक्षकसंख्या कमी भरते, तेवढ्यावरच पुढचा हंगाम नाकारला जातो.