पेणचे गणपती, रोह्याचे पोहे आणि शेजारचा देव

बालदोस्तांनो, पेण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गणपती! आणि रोहा म्हटलं की? पोहे! बरोब्बर. आता एक कोडं सांगते. सुदाम्याने श्रीकृष्णासाठी पोहे नेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण पोहे आणखी कोणाच्या पूजेच्या ताटात असतात?

नाही आलं उत्तर? ऐका तर! रायगड जिल्ह्यात शेकडो वर्षांपासून बेने इस्रायली, म्हणजे ज्यू लोक राहत आले. घरात मराठी बोलणारे. आडनावं कशी, तर पेणकर, रोहेकर, चेऊलकर! पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं ताटात मांडून प्रेषित एलियाहूचं स्मरण करतात. शेजारधर्म असा ताटातसुद्धा दिसतो!

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. हेच आपले विनोबा. आईला संस्कृत येत नव्हतं, म्हणून तिने मुलाला सोप्या मराठीत गीता लिहायला सांगितलं. आई गेल्यावर विनोबांनी तिची इच्छा पुरी केली. ती ‘गीताई’ १९३२ साली प्रसिद्ध झाली.

पण विनोबा तिथेच थांबले नाहीत बरं का! शेजाऱ्याचा धर्म ऐकीव गोष्टींवरून कसा कळणार? तो मुळातूनच वाचायला हवा. म्हणून ते अरबी शिकले आणि त्यांनी कुराणाचा अभ्यास केला. त्यातली निवडक वचनं घेऊन १९६२ साली ‘कुराण-सार’ तयार झालं. गंमत पाहा, पुस्तक बाहेर येण्याआधीच पाकिस्तानातल्या काही वर्तमानपत्रांनी त्यावर टीका केली! न वाचताच मत ठरवण्याची ही खोड आपल्यातही असते की नाही? खरं सांगा!

त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, पायी गेले. तिथल्या लोकांनीही त्यांना भूदान दिलं. पुढे त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही केलं. त्यांच्या सर्वधर्मप्रार्थनेत रामकृष्णांबरोबर रहीम आहे, येशूचा पिता आहे, पारशांचा मज्द आहे आणि ज्यूंचा यह्वसुद्धा आहे. म्हणजे मलिदा करणाऱ्या शेजाऱ्यांचा देव!

आणि रोहा? १९ ऑक्टोबर १९२० रोजी तिथे पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. १९५४ साली जपानमधल्या जागतिक धर्मपरिषदेत ते बोलले. प्रत्येक माणसाच्या आत देव आहे, मग कोणी परका कसा, हा त्यांचा विचार. १९९७ साली त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला.

दोस्तांनो, अरबी शिकणं कठीण आहे, कबूल! पण वर्गातल्या वेगळ्या धर्माच्या मित्राला किंवा मैत्रिणीला इतकं तरी विचाराल? “तुमच्या सणाला काय करतात? का करतात?” मग तुमच्या सणाचं तुम्ही सांगा. उत्तर माहीत नसेल तर आजीला विचारा. आपलंही किती माहीत नव्हतं, ते तेव्हाच कळेल. आणि हो, डबा उघडाल तेव्हा पोहे दोघांत वाटून घ्यायला विसरू नका!